खोलीतलं खोलीत

“काका, या एका पेनातून मी काय अख्खा दवाखाना पळवून नेणार आहे?”

“पेन खणात ठेव. आत पेन्सिल आहे, कागदही आहे. निघताना कागद माझ्याकडे द्यायचा.”

“आणि फोन?”

“तो तर सगळ्यात आधी.”

स्वानंदीने फोन दिला, पेन दिलं, पाठीवरची पिशवी भिंतीतल्या कपाटात कोंबली आणि बाकावर बसलेल्या माझ्याकडे वळून म्हणाली, “बघा हो आजोबा तुमचे जावई! दर शुक्रवारी यांच्या घरी जेवते मी, आणि इथे मला चोर समजतात.”

मी हसलो. गुरुनाथराव हसले नाहीत. त्यांनी गळ्यातलं कार्ड दाराजवळच्या दिव्यापाशी धरलं, दिवा हिरवा झाला, पोर आत गेली, दार मिटलं. मग माझ्याकडे बघून ते हळूच हसले. ड्यूटीवर माणसासमोर हसायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं असावं. मीही तसंच ठरवलेलं होतं.

मी बार्शीच्या जकात नाक्यावर शिपाई होतो. चाळिशी उलटल्यावर नाक्यावरच्या कारकुनाने मला अक्षरं शिकवली. त्याआधी मालाची चिठ्ठी उलटी धरली तरी मला कळत नसे. बायको गेल्यावर सुलभा, माझी मुलगी, मला दर वर्षाआड सहा महिन्यांसाठी अमेरिकेत, मॉरिसव्हिलला आणायची. जावयाच्या घरी इतके दिवस राहायचं मला जड जाई. पण गुरुनाथरावांनी ते कधी जाणवू दिलं नाही. डोळ्यांत थेंब घालायला रोज तेच यायचे. इंग्रजी अक्षरंही त्यांनीच शिकवली, फ्रीजमधल्या खोक्यांवरची. पी म्हणजे पीज, वाटाणे.

त्या दिवशी सुलभाला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं. आदल्या आठवड्यात मी गॅसवर पापड भाजला आणि घरातला भोंगा असा काही वाजायला लागला की शेजारची गोरी बाई गाऊनवर धावत आली. तेव्हापासून मला एकट्याला घरी ठेवायचं नाही असं ठरलं होतं. म्हणून मी जावयाच्या कचेरीत, बाहेरच्या बाकावर.

आतल्या खोलीत काय आहे ते त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. कितीतरी राज्यांच्या आरोग्य खात्यांनी आपापल्या आजारी माणसांची माहिती तिथे ठेवायला दिली होती. नावं काढलेली. पण वय, जन्म कुठला, राहणं कुठे, काय दुखणं, काय औषध, हे सगळं राहिलेलं. संशोधन करणारे लोक खोलीत येऊन बसत, तिथल्याच कॉम्प्युटरवर काम करत. त्या कॉम्प्युटरची तार बाहेर कुठेच जात नव्हती. त्यांनी काढलेला हिशेब कागदावर छापला, की तो आधी गुरुनाथरावांसमोर यायचा. एखाद्या चौकटीत फारच थोडी माणसं दिसली, की ते ती चौकट झाकायचे. मगच कागद बाहेर.

“का झाकायची?” मी विचारलं होतं.

“अण्णा, हजार माणसांत माणूस हरवतो. दोघांत हरवत नाही.”

बार्शीला कुणी विचारलं, जावई अमेरिकेत काय करतात, की मी सांगायचो, नाक्यावर आहेत. लोकांना थट्टा वाटायची. मला वाटायची नाही. मी आत येणाऱ्या गाड्या तपासल्या, ते बाहेर जाणारे आकडे तपासत होते.

ही नोकरी त्यांना सहज मिळाली नव्हती. दोन हजार एक साली त्यांच्या कंपनीने निम्मी माणसं काढली, त्यात हे गेले. वर्षभर घरी बसले. पुढे इंडियन ग्रोसरीत तांदळाची पोती लावली. सुलभा तेव्हा फोनवर रडायची आणि रडत नाही असं सांगायची. मग ही खोली उभी करायचं काम निघालं. कपाटं कुठे ठेवायची, दाराला कुलूप कसलं, कोण आत जाणार, सगळं गुरुनाथरावांनी ठरवलं. खोली त्यांची होती. रविवारी संध्याकाळी ते पाच शर्टांना इस्त्री करायचे आणि करताना शीळ घालायचे.

*

त्या शुक्रवारी स्वानंदी आली तीच उड्या मारत. ही पुण्याची मुलगी, इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडी करत होती. सुलभाला मूलबाळ नाही. या पोरीने दोन वर्षांत घरातली एक खुर्चीच आपली करून टाकली होती.

“काकू, आज माझं सापडलं! तीन वर्षं जे शोधत होते ना, ते सापडलं.”

“आधी जेव,” सुलभा म्हणाली. वाटाण्याची उसळ होती, भाकरी होती.

“स्वानंदी,” जावई भाकरी मोडता मोडता म्हणाले, “खोलीतलं खोलीत.”

“हो हो काका. आकडे नाही सांगत, स्टोरी सांगते.” आणि तिने माझ्याकडे तोंड केलं, म्हणजे मलाच सांगत असल्यासारखं. “आजोबा, बाळंत झालेल्या बायका खोकतात. डॉक्टर म्हणतात ॲलर्जी आहे, पोलन आहे, घरात कार्पेट आहे. आणि असतो टीबी! इंडियातून येतानाच अंगात झोपलेला असतो, बाळंतपणानंतर जागा होतो. इथल्या डॉक्टरांच्या डोक्यातच येत नाही, यार. हे मी प्रूव्ह करू शकते आता.”

“अरे वा,” मी म्हणालो.

“एकीने तर तीन डॉक्टर बदलले. आपल्याच काउंटीतली, म्हणजे आपल्या जिल्ह्यातली आहे, अशी एकच. बाळ तान्हं. शेवटी काउंटीची नर्स रोज सकाळी घरी यायची, समोर उभी राहून गोळी गिळायला लावायची, सगळा हिवाळा…”

“स्वानंदी!”

जावयांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. पण तोवर सुलभाच्या हातातला डाव उसळीच्या पातेल्यावर थांबला होता.

“म्हणजे ती पांढरी गाडी!” ती म्हणाली. “अगं बाई, ती लताकडे…”

पुढचं तिने गिळलं. पण लता म्हणून झालं होतं.

लता समोरच्या रांगेत राहायची. नवरा अंकुर, मुलगी शिवांगी, तेव्हा अडीच वर्षांची. लता घरून पोळ्या करून द्यायची. पुरणाच्या, गुळाच्या, साध्या. आसपासच्या मराठी घरांत सण म्हटला की पोळ्या लताच्या. मुलगी तान्ही होती त्या हिवाळ्यात तिच्या दारात रोज सकाळी एक पांढरी गाडी उभी राहायची. मीही पाहिली होती, आधीच्या खेपेला. गाड्या बघायची मला सवयच. कुणी म्हणे इमिग्रेशनवाले आहेत, कुणी म्हणे अंकुरने कुणाला तरी ठोकलंय. गाडी यायची बंद झाली आणि लोकही विसरले.

“मी नाव नाही घेतलं,” स्वानंदी म्हणाली. “काका, खरंच. माझ्याकडे नावच नाहीये.”

“तुझ्याकडे नव्हतंच,” जावई म्हणाले. “ते आमच्या घरात होतं.”

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला आणि उठून हात धुतले.

*

“कुणाला कळलंय?” सुलभा म्हणत होती. “आपण चौघं. आपलं घर. बाहेर कुठे गेलंय?”

“तुला कळलं.”

“मी काय परकी आहे?”

“लताला विचार,” जावई म्हणाले.

स्वानंदी रडत होती. “काका, मला वाटलं… तुमच्याकडे बोलले म्हणजे बाहेर कुठे बोलले? तुम्ही रिपोर्ट केलंत तर माझी खोली बंद करतील. एप्रिलमध्ये डिफेन्स आहे माझा, पीएचडीची शेवटची परीक्षा.”

“माझीही बंद करतील,” ते म्हणाले. आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता. “तू पाणी पी. मी सोडतो तुला घरी.”

दुसऱ्या दिवशी सुलभा माझ्या खोलीत आली आणि पलंगाच्या कडेवर बसली. “अण्णा, तुम्ही बोला ना. तुमचं ऐकतात ते. पुन्हा नोकरी गेली तर मी त्यांना पोती उचलताना नाही बघू शकणार. आणि पोरीचंही वाटोळं. कशासाठी? मी कुणाला सांगणार आहे का?”

माझ्या लेकीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला ती चार वर्षांची असल्यापासून ठाऊक. तिलाही ठाऊक असावं. तिने नजर वळवली.

जावई अंगणात पानं गोळा करत होते. मी दुसरं फावडं घेतलं, म्हणजे ते दाते असलेलं, आणि त्यांच्या बाजूला लागलो.

“सुलीनं पाठवलंय मला,” मी म्हणालो.

“माहीत आहे अण्णा.”

“नाही सांगितलं तर काय होईल?”

त्यांनी पानं ढिगाकडे ओढली. “काही नाही होणार. सोमवारी स्वानंदीचा तक्ता माझ्यासमोर येईल. ती एकची चौकट मी झाकीन. झाकताना मला लता दिसेल. परवा दुसऱ्या कुणाचा तक्ता येईल, त्यात मी आपोआप शोधायला लागेन, ही कुठली असेल, तो कोण असेल. अण्णा, ज्याला माणूस दिसायला लागला त्याने तिथे बसू नये.”

“आणि पोरीचं?”

“पोरीचं काम चांगलं आहे. तिच्यामुळे पुढच्या लताला तीन डॉक्टर फिरावे लागणार नाहीत. पण त्यासाठी खोली टिकली पाहिजे ना? राज्यांनी विश्वासाने दिलंय. त्या बायांना तर कुणी विचारलंही नाही, तुमचं दुखणं ठेवू का इथे म्हणून.”

मला नाक्याची आठवण झाली. माझ्या मेव्हण्याची तेलाची गाडी यायची बार्शीत. ती लांबून दिसली की मी आडव्या बांबूची दोरी दुसऱ्या शिपायाच्या हातात द्यायचो आणि चहाला निघून जायचो. मेव्हणा चार वर्षं माझ्याशी नीट बोलला नाही. हे मी जावयांना कधी सांगितलं नव्हतं, तेव्हाही सांगितलं नाही. कशाला? त्यांना कुणाच्या उदाहरणाची गरज दिसत नव्हती.

मी आत आलो. सुलभा खिडकीत उभी होती.

“बोललात?”

“बोललो.”

“मग?”

“पानं भरून झाली,” मी म्हणालो.

*

सोमवारी त्यांनी निळा शर्ट घातला. सुलभाने डबा भरला आणि दारापर्यंत नेऊन दिला. तसं ती कधी करत नसे. दिवसभर तिने फोन खाली ठेवला नाही आणि केलाही नाही कुणाला.

ते नेहमीच्या वेळेला आले. बूट काढले, डबा ओट्यावर ठेवला. डबा रिकामा होता, म्हणजे जेवले होते. सुलभाच्या ते आधी लक्षात आलं.

“काढलं नाही,” ते म्हणाले. “कॅरल म्हणाली, गुरू, तू सांगितलं नसतंस तर मला कधी कळलं नसतं. मी म्हटलं, म्हणूनच सांगितलं.” कॅरल त्यांची साहेबीण. “मग विचारलं, कोण आहे ती बाई? मी म्हटलं, ते तुला सांगितलं तर पुन्हा तेच झालं की.”

“मग काय म्हणाली?”

“हसली. मग कार्ड मागून घेतलं.”

तपासायचं काम टॉड नावाच्या मुलाकडे गेलं. गुरुनाथरावांना बाहेर बसायचं होतं, कपाटांपाशी. आलेल्यांचे फोन, पिशव्या, पेनं घ्यायची, किल्ली द्यायची, वहीत सही घ्यायची. कार्ड परत मिळालं, पण ते आता फक्त इमारतीचं दार उघडायचं. आतलं नाही.

स्वानंदीला मार्चपर्यंत खोली बंद झाली. डिफेन्स पुढे ढकलला. शुक्रवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. सुलभा भाकऱ्या थापताना सवयीने दोन जास्त थापायची आणि शनिवारी सकाळी मी त्या दुधात कुस्करून खायचो.

रविवारची इस्त्री चालू राहिली. शीळ नव्हती.

*

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. पंधरावीस बायका, त्यांची मुलं जिन्यावर इंग्रजीत भांडत होती. पुरुषांना वरच्या मजल्यावर टीव्हीपुढे बसवलं होतं. जावई मात्र खालीच, चहाचे कप भरून आणत होते. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत. म्हाताऱ्याला कुणी पुरुषांत धरत नाही, त्याचा एक फायदा असतो.

गुळपोळ्या लताच्या. ती स्वयंपाकघरात तव्यावर गरम करत होती आणि शिवांगी मध्येमध्ये धावत येऊन तीळ पळवत होती.

मालिनी नावाची एक बाई आहे आमच्याकडे. मनाने चांगली. कुणी आजारी पडलं की डबा घेऊन आधी ही पोचते, आणि गावभर बातमीही आधी हिचीच. तिने पोळीचं ताट समोर ओढलं आणि आवाज खाली केला. तो खालचा आवाज मला ऐकू आला, म्हणजे बघा.

“सुलभा, ती गाडी आठवते का गं? लताच्या दारातली? परवा कुणीतरी म्हणालं, हेल्थ डिपार्टमेंटची होती. आता हेल्थवाले उगाच येतात का घरी? तू समोर राहतेस, तुला माहीत असणार.”

दोन-तीन बायकांच्या माना वळल्या. जावई हातात कपांचा ट्रे घेऊन दाराशी आले होते, ते तिथेच उभे राहिले. स्वयंपाकघराच्या दारात लताही आली होती, तुपाची वाटी घेऊन. मालिनीची तिच्याकडे पाठ होती.

सुलभाने एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

“माहीत आहे ना,” ती म्हणाली. “बाळाचं वजन करायला यायची ती बाई. पहिलं बाळ म्हटलं की येतात इथे.”

“आमच्या सत्यजितच्या वेळी तर नाही कुणी आलं!”

“अगं, तो जन्मला तेव्हाच इतका गुटगुटीत होता. त्याचं वजन करायला क्रेन पाठवणार होते, ती मिळाली नाही.”

बायका खळखळून हसल्या. मालिनी सगळ्यांत जास्त. सुलभाने ताटातली पोळी मोडली, एक तुकडा स्वतःच्या तोंडात टाकला आणि दुसरा मालिनीच्या. “घे, गोड बोल.”

जावई आत आले. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि उगाचच दोन कप इकडचे तिकडे केले.

लता पुढे आली. सुलभाच्या ताटातल्या उरलेल्या पोळीवर तिने तूप घातलं. एक चमचा, मग दुसरा, मग तिसरा. पोळी बुडाली.

“अगं पुरे,” सुलभा म्हणाली.

“असू दे हो काकू,” लता म्हणाली आणि चौथा घातला.

*

मार्चच्या शेवटी माझं परतीचं विमान होतं. जायच्या आदल्या आठवड्यात मीच म्हणालो, मला एकदा तुमच्या कचेरीत येऊन बसायचंय. तोच बाक. कपाटांपाशी आता एक लहान टेबल आणि एक खुर्ची होती. जावई येणाऱ्यांना गुड मॉर्निंग म्हणत होते, पिशव्या घेत होते, किल्ल्या देत होते. नीट, मान देऊन. एक गोरा म्हातारा प्रोफेसर तर त्यांच्याशी बराच वेळ बोलत उभा राहिला.

“अण्णा,” मध्ये मोकळे झाल्यावर त्यांनी विचारलं, “नाका उठला तेव्हा काय केलंत तुम्ही?”

“महिनाभर तिथंच जाऊन बसायचो, लिंबाखाली. गाड्या सुसाट जायच्या. कुणी थांबायचं नाही.”

“मग?”

“मग मुनिसिपालटीनं बांबू नेला. मग नाही गेलो.”

ते हसले. माणसासमोर, ड्यूटीवर.

तेवढ्यात स्वानंदी आली. वाळली होती. तिने न बोलता फोन ठेवला, पिशवी ठेवली, खिशातलं पेन काढून टेबलावर ठेवलं आणि वहीत सही केली.

“पेन्सिल आत आहे,” जावई म्हणाले.

“माहीत आहे, काका.”

ती दारापाशी गेली आणि टॉडची वाट बघत उभी राहिली. जावई सवयीने उठले, दोन पावलांत दाराशी पोचले आणि गळ्यातलं कार्ड दिव्यापाशी धरलं. दिवा लाल झाला.

दोघंही त्या दिव्याकडे बघत राहिले. मग आतून टॉडने दार उघडलं.

“काका,” आत जाता जाता ती थबकली, “आज शुक्रवार आहे.”

“हो. काकूने वाटाणे भिजवलेत.”

“येऊ मी?”

“रिकाम्या हाताने ये,” ते म्हणाले.

ती हसली की रडली ते मला बाकावरून नीट दिसलं नाही. दार मिटलं. जावयांनी कार्ड शर्टाला पुसून पुन्हा छातीवर सोडलं आणि ते परत आपल्या खुर्चीत येऊन बसले. टेबलावर तिचं पेन पडलं होतं. ते त्यांनी उचललं, टोपण घट्ट बसलंय का ते बघितलं, आणि खणात ठेवलं.